घोटा बदलावा की जोडून घ्यावा : वेदनेचे आणि सावकाश बरे होण्याचे दोन हिशेब

आमच्या कुटुंबात घोट्याच्या दोन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. माझ्या डाव्या घोट्यात वयाच्या ६३व्या वर्षी कृत्रिम सांधा बसवला. त्याच्या पावणेदोन वर्षे आधी, रावेर तालुक्यात केळीची शेती करणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांचा उजवा घोटा स्क्रू घालून कायमचा जोडून टाकला, तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. दोघांचाही सांधा जुन्या मोडीमुळे झिजला होता, आणि घोट्याच्या बाबतीत बहुतेक वेळा असेच घडते. गुडघा वयानुसार झिजतो, घोटा मात्र प्रामुख्याने जुने फ्रॅक्चर किंवा वारंवारची मुरगळ यांमुळे बिघडतो, आणि त्यामुळे हा निर्णय घेण्याची वेळ तुलनेने लवकरच्या वयात येते.

नात्यातले आणि गावातले लोक मला विचारतात, की दोहोंपैकी कोणती शस्त्रक्रिया चांगली. मी त्यांना आधी एवढेच विचारते, की पुढचे वर्षभर घरात तुमच्याजवळ कोण आहे, तुमचे पोट कोणत्या कामावर आहे आणि त्या कामासाठी तुम्हाला किती आणि कशा जमिनीवर चालावे लागते. या उत्तरांवरून अर्धा निर्णय स्पष्ट होतो; उरलेला अर्धा एक्स-रे आणि शल्यविशारद यांच्या हाती असतो.

दोन्ही शस्त्रक्रियांत नेमके काय होते

सांधा जोडताना नडगीचे हाड आणि त्याखालचे घोट्याचे हाड यांच्यामधली झिजलेली कूर्चा खरवडून काढतात, पाऊल नडगीशी काटकोनात राहील अशी दोन्ही हाडे एकमेकांवर बसवतात आणि स्क्रूंनी किंवा पट्टीने घट्ट धरतात. त्यानंतर ती हाडे मोडलेल्या हाडासारखी एकमेकांत जुळून यावी लागतात. योग्य रुग्णात हे काम दुर्बिणीतून लहान छिद्रांमधूनही करता येते. सांधा बदलताना दोन्ही हाडांची टोके कापून त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि मध्ये पॉलिथिलीनचा तुकडा ठेवतात. अशा सांध्याचे पहिले प्रयोग फ्रान्समध्ये १९७० साली झाले आणि त्या काळच्या सांध्यांचे निकाल निराशाजनक होते. आज वापरले जाणारे सांधे नंतरच्या पिढ्यांचे आहेत. तरीही आपल्याकडे गुडघा बदलणारे शल्यविशारद पुष्कळ आणि घोटा बदलणारे मोजके, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या रुग्णाने, आपल्या डॉक्टरांनी असे किती सांधे बसवले आहेत, हा प्रश्न संकोच न करता विचारावा, आणि त्यासाठी नाशिक, पुणे किंवा मुंबईला जावे लागणार असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या फेरतपासण्यांचा प्रवासही हिशेबात धरावा.

वेदना : कोणाची कशी

पहिल्या रात्रीबद्दल दोन्ही बाजूंना सारखेच सांगता येईल. पायाच्या नसा बधिर करणारे इंजेक्शन दिलेले असते, त्यामुळे पहिले काही तास पाय आपला नसल्यासारखा वाटतो आणि मन खुशीत असते. त्या इंजेक्शनचा परिणाम उतरतो तेव्हा वेदना एकदम उसळते, आणि हा क्षण अनेकदा मध्यरात्रीच येतो. मला याची कोणी कल्पना दिली नव्हती. दुखायला लागेपर्यंत गोळी घ्यायची नाही, असा हट्ट धरून बसल्यामुळे ती रात्र मी फार वाईट काढली. भाऊजींच्या वेळी परिचारिकेने संध्याकाळीच सांगून ठेवले होते, की बधिरपणा उतरण्याआधीच गोळी घ्यायची आणि पहिले काही दिवस घड्याळ पाहून घेत राहायची; त्यांची पहिली रात्र माझ्यापेक्षा पुष्कळ सुसह्य गेली. तीव्र वेदनाशामकांनी पोट साफ होत नाही, हेही आधीच माहीत असलेले बरे.

त्यानंतर मात्र दोघांच्या वेदनेचा स्वभाव वेगळा झाला. भाऊजींचे दुखणे खोल, हाडातले होते आणि पाय खाली सोडला की ठणकत असे, पण दर महिन्याला ते निश्चितपणे उतरत गेले आणि हाडे जुळल्याचे एक्स-रेमध्ये दिसल्यावर शस्त्रक्रियेपूर्वीची ती दळल्यासारखी वेदना संपली, ती आजतागायत परतलेली नाही. माझे दुखणे तसे एका रेषेत उतरले नाही. सकाळच्या पहिल्या दहा-पंधरा पावलांना ताठरपणा, घोट्याच्या पुढच्या बाजूला ओढ, संध्याकाळी सूज आणि मध्येच एखादा चांगला आठवडा, असा त्याचा चढउतार राहिला. तिसऱ्या महिन्यात मला मनापासून वाटले होते, की आपण चूक केली. हा काळ सर्वांत निसरडा असतो असे मी आता प्रत्येकाला सांगते. टाके निघालेले असतात, वॉकर सुटलेला असतो, भेटायला येणारी मंडळी "आते कसं शे?" असे विचारतात आणि त्यांना "बरं शे" हेच उत्तर ऐकायचे असते; पण सांधा मात्र अजून अर्ध्या वाटेवरही आलेला नसतो. घोट्याची सूज सहा महिने ते वर्षभर टिकणे नेहमीचे आहे, आणि बदललेल्या सांध्यात सुधारणा वर्ष उलटल्यावरही चालू राहू शकते.

सांधा बदलल्यावर शून्य वेदना होईल, अशी अपेक्षा धरणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता अधिक असते. चांगल्या बसलेल्या सांध्यातही काही रुग्णांना थोडे दुखणे राहते. ते सांध्याच्या कडेला होणाऱ्या घर्षणाचे, एखाद्या नसेचे किंवा खालच्या सांध्याच्या झिजेचे असू शकते. वर्षभर ठीक चाललेला घोटा अचानक नव्याने दुखू लागला तर तो अंगावर काढू नये, एक्स-रे काढून घ्यावा.

ब्रिटनमध्ये या दोन शस्त्रक्रियांची थेट तुलना करणारी एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ५० ते ८५ वयोगटातील ३०३ रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते. वर्षाअखेर दोन्ही गटांची चाल आणि उभे राहण्याची क्षमता लक्षणीय सुधारली आणि दोन गटांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध होण्याइतका ठरला नाही. सांधा बदललेल्यांमध्ये जखम भरण्याच्या तक्रारी अधिक होत्या, तर जोडलेल्यांमध्ये शिरेत रक्ताची गुठळी होण्याच्या घटना आणि हाडे न जुळण्याचा त्रास दिसला. हे वाचल्यावर माझ्या मनातला एक सल कमी झाला, कारण दोहोंपैकी एक शहाणपणाची आणि दुसरी मागासलेली, असे काही नाही.

सावकाशपणा : कोणाचा कुठे अडतो

सांधा जोडलेल्याची गाडी हाडाच्या जुळणीवर अडते. भाऊजींना आठ आठवडे पाय टेकवायची मनाई होती आणि प्लास्टरनंतरचा बूट सुटायला चार महिने लागले. शंभरातल्या पाच-दहा रुग्णांमध्ये हाडे जुळतच नाहीत, आणि तंबाखूने ही शक्यता बरीच वाढते. आपल्याकडे "मी सिगारेट ओढत नाही, फक्त पुडी खातो" असे सांगणारे खूप आहेत. निकोटीन पुडीतूनही रक्तात जातेच, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीचे काही आठवडे आणि नंतर हाड जुळेपर्यंत ती बंद ठेवावीच लागते. भाऊजींनी ती सोडली, आणि माझ्या मते त्यांच्या यशात स्क्रूंइतकाच या गोष्टीचा वाटा आहे.

सांधा बदललेल्याची गाडी जखमेवर अडते. घोट्याच्या पुढच्या बाजूची कातडी पातळ असते, खाली मांस जवळजवळ नसते, आणि नेमका तिथूनच छेद घेतात. माझ्या जखमेचा एक कोपरा सातव्या आठवड्यापर्यंत ओलसर राहिला. त्या काळात पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडून राहणे हेच खरे औषध होते. दिवसातून बराच वेळ असे पडून राहणे ऐकायला सोपे वाटते. स्वयंपाकघर सांभाळण्याची सवय असलेल्या बाईला ते किती जड जाते, हे मी अनुभवाने सांगते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणल्याशिवाय तारीखच घेऊ नये. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, सांध्यात पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल किंवा घोट्याच्या हाडाचा रक्तपुरवठा थांबून ते मृत झाले असेल, तर सांधा बदलण्याचा पर्याय बहुधा बादच होतो.

पोटरी एकाएकी सुजून दुखणे आणि धाप लागणे ही दोन लक्षणे दोन्ही शस्त्रक्रियांनंतर धोक्याची असतात. त्यांच्यासाठी सकाळची वाट पाहू नये.

खानदेशात तारीख ठरवताना ऋतू पाहणे अत्यावश्यक आहे, आणि बाहेरगावचे डॉक्टर याचा फारसा विचार करत नाहीत. भाऊजींची शस्त्रक्रिया मार्चअखेर झाली. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-रावेरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात प्लास्टरमधला घाम, खाज आणि वीज गेल्यावर वितळलेला बर्फ, या त्रासाने त्यांना वेदनेपेक्षा अधिक छळले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर होत्या आणि ते खाटेवर पाय उशांवर ठेवून पडून होते. मात्र त्यांनी तो काळ मुद्दाम निवडला होता, कारण त्यामागे कांदेबागेची (हिवाळ्याच्या तोंडी लावलेल्या केळीची) कापणी आणि पुढच्या मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीची) लागण यांचे गणित होते. माझी तारीख डिसेंबरमधली होती. थंडीत सूज कमी वाटली, बूट सहन झाला आणि उन्हाळा येईपर्यंत मी काठीवर आले होते. शेतकऱ्याला ही मोकळीक नसते, परंतु जो निवृत्त आहे किंवा ज्याला रजा मिळू शकते, त्याने दिवाळीनंतरचाच मुहूर्त धरावा.

वर्षानंतरचे चालणे

सपाट रस्त्यावर माझी चाल भाऊजींपेक्षा मोकळी दिसते. पाऊल टाचेवरून चवड्यावर वळते आणि जिन्यावरून उतरताना फरक चांगलाच जाणवतो. नांगरलेल्या काळ्या रानात मात्र उलट चित्र आहे. ढेकळांवरून चालताना माझ्या मनात सांध्याची धास्ती असते, तर भाऊजी गुडघ्यापासून पाय उचलत, ठिबकच्या नळ्या ओलांडत निर्धास्त जातात आणि केळीचा घडही उचलतात. पाऊल आत-बाहेर कलते ते घोट्याच्या खालच्या सांध्यात, आणि तो त्यांचा शाबूत आहे. मात्र जोडलेल्या घोट्याचा भार पुढे वर्षानुवर्षे याच शेजारच्या सांध्यांवर पडतो आणि त्यांची झीज होऊ लागते. तीन वर्षांतच थंडीच्या दिवसांत त्यांना घोट्याखाली थोडी कुरबुर जाणवू लागली आहे. ज्याचा खालचा सांधा आधीच झिजलेला आहे किंवा ज्याचे दोन्ही घोटे गेले आहेत, त्याच्यासाठी म्हणूनच सांधा बदलण्याकडे पारडे झुकते.

ट्रॅक्टरचा ब्रेक भाऊजी आता घोट्याऐवजी मांडीच्या जोराने दाबतात आणि त्याची सवय व्हायला त्यांना काही महिने लागले. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी आणि गिअर डाव्या पायाशी असतो, हे लक्षात घेऊन कोणता पाय आहे ते पाहावे. आम्ही दोघेही विनागिअरच्या स्कूटरवर आलो आहोत. उकिडवे बसणे दोघांनाही जमत नाही. सांधा बदलला की भारतीय पद्धतीच्या शौचालयात पूर्वीसारखे बसता येईल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. नवा सांधा असलेली हालचाल राखतो, गेलेली हालचाल क्वचितच परत देतो. रुग्णालयातून घरी येण्याआधी कमोडची खुर्ची आणून ठेवावी, उंच उंबरठ्याजवळ धरायला दांडा बसवावा आणि जुन्या धाब्याच्या घरात माडीवर खोली असेल तर बिछाना खाली आणावा.

टिकाऊपणाचा हिशेब सरळ आहे. एकदा नीट जुळलेले हाड जन्माला पुरते. बदललेल्या घोट्यांपैकी दहा वर्षांनी साधारण ८० ते ९० टक्के जागेवर असतात. उरलेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते, आणि तेव्हा सांधा काढून हाडे जोडावी लागली तर हाडाची तूट भरून काढण्यासाठी हाडाचे रोपण करावे लागते. ६३व्या वर्षी मला हा धोका पत्करावासा वाटला. ५१व्या वर्षी, रोज शेतात राबणाऱ्या माणसाने तो पत्करू नये असे भाऊजींच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आणि मला ते आजही बरोबर वाटते.

खर्चाबाबत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली नेमकी शस्त्रक्रिया बसते का आणि कृत्रिम सांध्याची किंमत कोणी भरायची, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे. तोंडी होकारावर दाखल होऊ नये.

ज्यांना अजून घरातल्या घरात आणि बाजारापर्यंत चालता येते, रात्री झोप लागते आणि पट्टा, काठी, टणक वळणदार तळव्याचे बूट व थोडे वजन कमी करणे यांनी भागते, त्यांनी या दोहोंपैकी काहीही घाईने निवडू नये. मी स्वतः अशी चार वर्षे काढली. या काळात वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नयेत, कारण त्या मूत्रपिंडाला बाधतात. सांध्यात स्टेरॉईडचे इंजेक्शन घेतले असेल तर त्याची तारीख लिहून ठेवावी आणि शल्यविशारदांना सांगावी, कारण त्यानंतर किमान तीन महिने शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते.