थंडरबर्ड की फ्लुएंट रीडर?
आवडत्या साइटींवरचे नवे लेख (म्हणजे त्यांचे फीड) एकाच जागी दाखवणारा गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झाला तेव्हापासून मी तसंच काही ना काही शोधूनच राहिलो, आता धरमपेठच्या घरी पीसीवर हे दोन्ही प्रोग्रॅम टाकून पाहिले. थंडरबर्डमध्ये मेल अन् फीड एकाच ठिकाणी, मेलचे फिल्टर फीडलाही लागतात, म्हणजे शीर्षकात "नागपूर" आलं की स्टार लाव असं एकदा सांगितलं की झालं. दिसायला मात्र मेलबॉक्सच, फोटोबिटोची हौस असेल तर नाही जमत बावा. फ्लुएंट रीडर फोटोसकट कार्डं दाखवतो, नियम त्यातही आहेत, वरून इनोरीडर, फीडबिन या ऑनलाइन फीड सेवांशी सिंक होतो, म्हणून तिकडे वाचलेलं इकडे परत समोर येत नाही. पण इलेक्ट्रॉनवर (आत अख्खा ब्राउझर घेऊन चालणाऱ्या साच्यावर) बनलाय, रॅम खातो. ओपीएमएल (फीडची यादी एकातून दुसऱ्यात न्यायची फाइल) दोघांतही चालतं. माझ्या पीसीत रॅम ४ जीबीच, मी थंडरबर्डच ठेवला.