बॉनेटखालचा हीट पॅड: फेब्रुवारी ते डिसेंबर, नागपूरच्या उन्हात

आधी गाडीचं सांगतो म्हणजे पुढचं समजेल. दहा वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक, रंग गडद राखाडी, लाखाच्या वर किलोमीटर झालेत. रोज मानेवाड्याहून बुटीबोरी एमआयडीसी आणि परत, आणि दिवसभर गाडी कंपनीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये उभी. टिनाचं शेड आहे, पण ते साहेब लोकांच्या गाड्यांना. म्हणजे एप्रिल-मे मध्ये गाडी नऊ तास नुसती भाजत असते. मागच्या दिवाळीत गाडी पुसायला घेतली तेव्हा दिसलं की बॉनेटच्या उजव्या बाजूला तळहाताएवढा भाग निस्तेज झालाय, पांढुरका, पॉलिश मारलं की दोन दिवस बरा दिसतो मग परत तसाच. बॉनेट उघडलं तर आत कंपनीचं जे काळं, फेल्टसारखं अस्तर असतं ना, ते अर्धं उंदरांनी कुरतडून नेलेलं, आणि जिथं अस्तर गायब होतं त्याच्या बरोबर खाली टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा, गरम धुरावर फिरणारा पंखा. झालं, मी निकाल देऊन टाकला. इंजिनच्या गरमीनं पेंट गेला. शेजारच्या काकांनी पण मान डोलावली, आणि काका तर ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ डिग्री होतं हे आजही छातीठोकपणे सांगतात, त्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्यानं सांगितलं तरीही.

सर्व्हिस सेंटरला ओरिजिनल अस्तर विचारलं तर किंमत ऐकून गप्प बसलो, वर मागवावं लागेल, वेळ लागेल वगैरे. मग ऑनलाइन कुठल्याही गाडीला कापून बसवायची युनिव्हर्सल शीट घेतली, तोच हा हीट पॅड, १० मिलिमीटर जाडीचा फोम, एका बाजूला अॅल्युमिनियमची चमकी, दुसऱ्या बाजूला गोंद, ११५० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा शीट दहा नावांनी मिळतात आणि मला वाटतं माल एकाच ठिकाणचा असावा.

फेब्रुवारीत एका रविवारी लावली. बायकोनं बघितलं आणि म्हणाली, "अहो, घरातल्या कूलरची खस बदलायची राहिली आहे आणि तुम्ही गाडीला ताटी लावताय." बरोबरच होतं तिचं, पण आता शीट आली होती. आधी जुन्या अस्तराचे लटकलेले तुकडे काढले, मग बॉनेटची आतली बाजू डिग्रीझरनं आणि नंतर स्पिरिटनं पुसली, पेपरचे साचे कापले आणि बॉनेटच्या आतल्या पट्ट्यांच्या मधल्या खोलगट जागांमध्येच शीट बसवली. पट्ट्यांवरून आडवी एकसंध शीट लावायचा मोह होतो, दिसायला मस्त दिसते, पण मग लॉक, बिजागरी, वायपरच्या पाण्याची नळी सगळ्यात अडकते.

दोन गोष्टी मला लावायच्या आधी माहीत होत्या म्हणून वाचलो. एक, चमकी इंजिनच्या बाजूला पाहिजे आणि तिच्या आणि इंजिनच्या मध्ये हवा पाहिजे. चमकीचं काम म्हणजे खालून येणारी धग परत फेकणं, ती इंजिनच्या कव्हरला टेकली की आरशाचं काम संपलं, मग ती तव्यासारखी गरमी नुसती पुढे देते. पोराच्या क्लेचे गोळे इंजिन कव्हरवर ठेवले, बॉनेट हळूच बंद केलं, उघडून चपटे झालेले गोळे मोजले, सगळ्यात पातळ गोळा अडीच सेंटिमीटर, म्हणजे जागा भरपूर. दुसरं, चमकी म्हणजे धातू. बॅटरीचा पॉझिटिव्ह टर्मिनल उघडा असेल आणि शीट लोंबून त्याला लागली तर काय होईल ते सांगायला नको. माझ्या टर्मिनलची लाल टोपी कधीच हरवली होती, वीस रुपयांची नवीन आणली.

आणि तरी एप्रिलमध्ये व्हायचं ते झालंच. एक दिवस घरी आलो, बॉनेटमधून जळकट वास. उघडलं तर टर्बोच्या वरचा तुकडा एका कोपऱ्यातून सुटून लोंबलेला, टेकला नव्हता पण बोटभरच अंतर उरलं होतं. फोमची कड करपून तपकिरी झाली होती. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की गोंद गरमी सहन करतो, असेल बाप्पा, पण रोज गरम-गार गरम-गार होत वर्षभर उलटं लटकून राहायचं म्हणजे वेगळी गोष्ट आहे. सगळे तुकडे काढले आणि दोन आठवडे गाडी तशीच उघडी चालवली, त्याचा पुढे फायदा झाला. नंतर लावताना ओरिजिनल अस्तराची जी भोकं असतात त्यात प्लास्टिकच्या क्लिपा ठोकल्या, प्रत्येक तुकड्याला किमान दोन, आणि कडा अॅल्युमिनियम टेपनं बंद केल्या. तेव्हापासून एक तुकडा हललेला नाही. तुम्ही लावणार असाल तर नुसत्या गोंदावर विश्वास ठेवू नका, गरम टर्बोवर फोम पडला तर पेंट राहू द्या, गाडी जाईल.

आता मोजमाप. मला वाटलं घरात कोविडच्या वेळचं कपाळाचं थर्मामीटर आहे, त्यानंच होईल. बॉनेटवर धरलं तर नुसतं "हाय" लिहून आलं, ते बिचारं माणसाच्या तापापुरतंच बनवलेलं. मग कंपनीतल्या मेंटेनन्सवाल्या मित्राकडून इन्फ्रारेड गन आणली. त्यातही एक गंमत आहे, चमकीवर गन मारली तर फारच कमी आकडा येतो आणि आपण खूश होतो की वा काय थंड ठेवलंय. तसं नसतं, चमकदार धातूवर ही गन फसते, तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजायचं. बॉनेटच्या वरून पेंटवर मोजलं तर अडचण नाही.

वहीत लिहिलेले आकडे देतो. संध्याकाळी बुटीबोरीहून घरी येऊन पोर्चमध्ये सावलीत गाडी उभी केली, दहा मिनिटांनी बॉनेटवर, पॅड नसताना: टर्बोच्या वर ६८, बाकी ठिकाणी ६०. पॅड असताना: टर्बोच्या वर ५७, बाकी ५२. दहा मिनिटं थांबून का मोजलं, तर चालत्या गाडीत समोरून हवा येते तेव्हा बॉनेट तेवढं तापत नाही, गाडी बंद केली की पंखा, वारा, पाणी सगळं थांबतं आणि इंजिनमधली साठलेली गरमी वर येते. म्हणजे पॅडनं टर्बोवर ११ डिग्री कमी केले, एवढ्या किमतीत वाईट नाही, मी लई खूश झालो.

मग मे महिन्यात एकदा दुपारी अडीच वाजता, बाहेर ४४ असेल, जेवणाच्या सुट्टीत गन घेऊन पार्किंगमध्ये गेलो. गाडी सकाळी आठपासून बंद, इंजिन कितीचं गरम असणार. बॉनेट ७२. पॅड असूनही ७२. सहज म्हणून छतावर मारली, ७३. बाजूला एकाची पांढरी गाडी होती, तिच्या छतावर ५५ च्या आसपास. मी तिथंच उन्हात उभा राहून विचार करत बसलो की राजेहो, इंजिननं जास्तीत जास्त ६८ केलं होतं, आणि हा सूर्य कुणाच्या मदतीशिवाय ७२ करतोय. तेही रोज पाच-सहा तास, तीन महिने. नागपुरात २०१३ च्या मे मध्ये ४७.९ डिग्री झालं होतं तेव्हा गडद गाडीचं काय झालं असेल देव जाणे.

तरी मी मनातून इंजिनलाच दोष देत होतो, कारण डाग बरोबर टर्बोवरच होता ना. जूनमध्ये त्याचंही कोडं सुटलं. दोन हजार आरपीएमला समोरून खर्रर्र आवाज यायला लागला, आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे नेली, त्यानं टॉर्च मारला आणि म्हणाला, "हे पा, हीट शील्डचा बोल्टच नाई." टर्बोवर जे पातळ पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या तीनपैकी एक बोल्ट गायब आणि झाकण एका बाजूला कललेलं. मागच्या वर्षी क्लचचं काम केलं होतं तेव्हा कुणीतरी काढलं आणि परत लावायचं विसरलं. कुठं ते सोडा. बोल्ट, वॉशर आणि मजुरी मिळून ६० रुपये. नंतर मोजलं तर टर्बोच्या वरचा आकडा ५७ वरून ५३ वर आला, म्हणजे बाकी बॉनेटच्या जवळपास. साठ रुपयांत. मी आधी खाली वाकून बघितलं असतं तर निदान तो करपलेला तुकडा तरी वाचला असता.

त्याच मेकॅनिकला विचारलं की टर्बोला आणि एक्झॉस्टला ती गरमी अडवणारी पट्टी गुंडाळतात तशी गुंडाळू का. तो नको म्हणाला, पावसाळ्यात पट्टीत ओल धरते आणि आतून लोखंड गंजतं, रेसिंगवाल्यांचं ठीक आहे, ते दर महिन्याला उघडतात. एका मित्रानं बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर टाकून मागून फट ठेवायला सांगितलं, गरम हवा निघून जाते म्हणे. ते मी केलं नाही. वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, तिथून हवा बाहेर जायच्या ऐवजी आतच यायची शक्यता, आणि बॉनेटच्या बिजागरीशी खेळ करून समृद्धीवर १२० नं जायचं म्हणजे माझ्या छातीत धडकी भरते.

खरा धडा पेंटरकडे मिळाला. पावसाळा संपल्यावर बॉनेट रंगवायचा खर्च विचारायला गेलो, सगळी कथा सांगितली, उंदीर, टर्बो, पॅड, बोल्ट. त्यानं सगळं ऐकून घेतलं, स्टुलावर चढला, छतावरून हात फिरवला आणि म्हणाला, "भाऊ, मंग छतावरबी इंजिन बसवलं का तुमी?" मी पण चढून बघितलं. छताची हालत बॉनेटपेक्षा वाईट. मधोमध खडूसारखं झालेलं, एका कडेला लॅकरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, पापुद्रा उचलायला लागलेला. मी इतकी वर्षं गाडीच्या छताकडे बघितलंच नव्हतं, उंचीच तेवढी नाही माझी. दरवाजे मात्र अजून चकचकीत, कारण ते उभे, त्यांच्यावर ऊन तिरकं पडतं.

त्यानं सांगितलं ते असं, की कारखान्यात पेंट भट्टीत १४० डिग्रीच्या आसपास पकवलेला असतो, त्याला साठ-सत्तरनं काही होत नाही. सगळ्यात वरचा पारदर्शक लॅकर सूर्याच्या अल्ट्राव्हायोलेटनं मरतो, त्यात ऊन शोषून घेणारं जे रसायन असतं ते वर्षानुवर्षं झिजतं आणि मग लॅकर पांढरा पडून सुटायला लागतो. गरमीनं हे काम लवकर होतं एवढंच. म्हणजे माझ्या त्या डागावर वरून सूर्य आणि खालून उघडा टर्बो, दोघं मिळून लागले होते, पण मुख्य मारेकरी वरचाच. बाहेरच्या बूथमध्ये रंगवलं तर पेंट ६० डिग्रीच्या आसपासच सुकवतात, त्यामुळं नवीन रंग पहिले काही आठवडे जपावा लागतो, मे मध्ये रंगवू नका असं तोच म्हणाला, स्वतःचा धंदा असून.

आणखी एक, पक्ष्यांची घाण. आमच्या घरासमोर कडुनिंब आहे, सावलीच्या लोभानं मी सुट्टीच्या दिवशी त्याखाली गाडी लावायचो. तापलेला लॅकर थोडा मऊ होतो आणि फुगतो, वर पडलेली घाण सुकून घट्ट होते, संध्याकाळी लॅकर गार होऊन आकसतो आणि घाणीचा ठसा त्यात बसतो. नंतर कितीही घासा, ठसा जात नाही. माझ्या बॉनेटवर असे तीन आहेत. आता डिकीत पाण्याची बाटली आणि मऊ कपडा असतो, दिसली की लगेच भिजवून उचलायची, कोरडी खरडायची नाही. आणि भर दुपारी तापलेल्या बॉनेटवर बोअरचं पाणी ओतायचं नाही, क्षाराचे गोल गोल डाग तिथल्या तिथे पक्के होतात, हे मी करून बसलेलो आहे.

पॅडचं बाकी विचाराल तर डिझेलची टकटक बाहेर उभं राहिलं की थोडी कमी वाटते, आत बसून काही फरक नाही. मायलेज तेच. इंजिन जास्त तापेल अशी भीती होती म्हणून ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान बघत होतो, आधी पण ८८ ते ९६ आणि नंतर पण तेवढंच, इंजिनची गरमी रेडिएटरमधून जाते, बॉनेटच्या पत्र्यातून फारशी नाही. पावसाळ्यात जुनं अस्तर ओलं राहायचं, हा फोम पाणी पीत नाही, ऑक्टोबरमध्ये एक कोपरा उचलून बघितला, पत्रा कोरडा, गंज नाही.

परत घ्यायचा झाला तर घेईन, पण पेंटसाठी नाही, आणि आधी टर्बोचं झाकण बघून. पेंटसाठी मी आता दर तीन महिन्यांनी सिंथेटिक सीलंट लावतो, छतासकट, स्टूल घेऊन. आधी कार्नोबा वॅक्स लावायचो, पण ते ऐंशीच्या थोडं वर वितळतं आणि आपलं छत ७३ ला जातं, मे महिन्यात ते किती दिवस टिकणार. ऑफिसमध्ये अॅडमिनला अर्ज दिलाय की शेड वाढवा नाहीतर निदान हिरवं नेट तरी बांधून द्या, तीन वेळा दिला. छत आणि बॉनेट दोन्हीचं कोटेशन पेंटरनं चौदा हजार दिलंय, जानेवारीत करायचं ठरलंय.

परवा वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं. नऊ महिने उंदरांनी चमकीला तोंड लावलं नव्हतं, मला वाटलं जमलं बुवा. डाव्या बाजूच्या तुकड्याची टेप कुरतडलेली, आणि बॅटरीच्या मागे शेंगदाण्याची टरफलं.