जिप्सीच्या लो गिअरच्या नावाखाली माझी झालेली फसवणूक, ट्रान्सफर बाहेर पाठवणाऱ्यांनी वाचा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, राग शांत होत नव्हता म्हणून राहिलं. पण मागच्या आठवड्यात चिपळूणच्या एका मुलाशी बोलणं झालं, तोही मला फसवणाऱ्या त्याच माणसाकडे जिप्सीची ट्रान्सफर (गिअरबॉक्सच्या मागचा डबा, जो पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटतो आणि ज्यात चढासाठीचा हळू लो गिअर असतो) पाठवायच्या तयारीत होता, तेव्हा म्हणलं आता बसून सगळं लिहूनच काढू.

माझी 2003 ची मारुती सुझुकीची जिप्सी किंग आहे, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली), 1298 सीसी. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर पुन्हा पासिंग केलं, पर्यावरण कर भरला, कागद सगळे क्लिअर. गाडीचं बहुतेक काम मी घरीच करतो, नकल सील, किंगपिन बेअरिंग, क्लच, कमानीचे बुश हे सगळं अंगणात घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावून झालंय. 2019 ला नवीन जिप्सी मिळायची बंद झाली तेव्हापासून तर आहे ती गाडी जपायची हेच डोक्यात आहे. ट्रान्सफर मात्र कधी उघडली नव्हती, तिथेच अडकलो.

आमचं शेत जावळी तालुक्यात वरच्या अंगाला आहे. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता म्हणजे जांभ्याचा चढ, पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि सुटे दगड, आणि दोन वळणं अशी की एका दमात गाडी फिरतच नाही, मध्ये थांबून रिव्हर्स घेऊन परत चढवावी लागते. त्यात मी 235 चे टायर टाकलेत, ते कंपनीच्या टायरपेक्षा उंच, त्यामुळे लो मध्ये पहिल्या गिअरलाही गाडी पाहिजे तेवढी हळू चालत नाही, हाफ क्लचवर खेळवावी लागते. खताच्या गोणी भरल्या की वर पोचेपर्यंत क्लच प्लेटचा वास. दोन वर्षांत दोन प्लेटा गेल्या.

यावर जगभर सुझुकीवाले एकच उपाय करतात, ट्रान्सफरमध्ये रिडक्शन गिअर टाकायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जिप्सीची ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, मध्ये एक आखूड प्रोपेलर शाफ्ट (ताकद पोचवणारा फिरता दांडा) असतो, त्यामुळे ती वेगळी उतरवता येते. किंगमध्ये लो चा रेशो साधारण 2.27 आहे, म्हणजे इनपुटचे सव्वादोन फेरे झाले की आउटपुटचा एक. बाहेरचे गिअर टाकले की तो 4.16 होतो. म्हणजे त्याच इंजिन स्पीडला गाडी जवळपास निम्म्या वेगाने चालते आणि क्लच दाबून धरायची गरजच राहत नाही.

हे गिअर आपल्याकडे सहज मिळत नाहीत. शोधता शोधता दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाचा नंबर मिळाला, नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. बोलायला अतिशय गोड. जिप्सीची इतकी माहिती की मला वाटलं आपलाच माणूस आहे, पाऊण तास फोनवर बोलला, माझ्या गाडीचे फोटो मागितले, कमानीला शॅकल कुठले आहेत ते विचारलं. म्हणाला सर, तुम्ही ट्रान्सफर पाठवा, तुमच्याच हाऊसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, 4.16 चे इम्पोर्टेड गिअर, नवीन बेअरिंग, नवीन सील बसवून देतो, 62 हजार, निम्मे आधी.

बिल मागितलं तर म्हणाला, सर मॉडिफिकेशनचं बिल आम्ही काढत नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय ना, उद्या तुम्हालाच आरटीओचा त्रास. आता हे अर्धवट खरं असतं ना, त्यानेच माणूस फसतो. जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर निकाल दिला हे खरं, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालणार नाही असं म्हणलं हेही खरं. पण गाडीवर काय चालतं काय नाही हा विषय वेगळा आणि दुकानदाराने विकलेल्या मालाचं बिल देणं हा विषय पूर्ण वेगळा. मी त्या वेळी गप्प बसलो. पैसे यूपीआयने पाठवले तेव्हा समोर दुकानाचं नाव न येता कुठल्यातरी बाईंचं नाव आलं, विचारलं तर म्हणाला मिसेसचं अकाउंट आहे. तेही मी मान्य केलं.

ट्रान्सफर उतरवली, तेल काढलं, गोणपाटात बांधून ट्रान्सपोर्टला टाकली, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) फाइलला लावली. ती बिल्टी ठेवली हे फार बरं झालं, का ते पुढे कळेल.

तीन आठवड्यांनी व्हिडिओ आला. टेबलावर चकचकीत गिअरचा सेट, एक हात तो फिरवून दाखवतोय. व्हिडिओत माझं हाऊसिंग कुठेच नव्हतं, आवाज नव्हता, बॅकग्राउंड अर्धी कापलेली. हे आज लक्षात येतंय, तेव्हा मी तो व्हिडिओ घरात सगळ्यांना दाखवला होता. मग उरलेले पैसे पाठवले आणि ट्रान्सफर आली. चंदेरी रंग मारलेली, प्रत्येक बोल्टवर लाल पेंटचा ठिपका आणि जॉइंटवर स्टिकर, उघडल्यास वॉरंटी रद्द.

बसवून तेल भरायला घेतलं तेव्हा पहिली गोष्ट दिसली. माझ्या हाऊसिंगच्या ड्रेन प्लगचे आटे दोन वर्षांपूर्वी गेले होते, तेव्हा मी स्वतः एक साइझ मोठा टॅप मारून जाड डोक्याचा प्लग बसवला होता आणि खाली तांब्याचा वॉशर. या हाऊसिंगला कंपनीचा साधा प्लग होता. फोन केला तर म्हणाला, सर तुमच्या हाऊसिंगचे आटे बरोबर नव्हते, उद्या लीक झालं असतं, मी दुसरं चांगलं टाकलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. मी त्याला थँक्यू म्हणलं. माझं हाऊसिंग मला न विचारता बदललं आणि मी थँक्यू म्हणलं, याचं वाईट मला 62 हजारांपेक्षा जास्त वाटतं.

गाडी चालवली तर मला खरंच वाटलं की लो हळू झालाय. एवढे पैसे घातल्यावर मन तेच ऐकवतं. पंधरा दिवस मी सगळ्यांना सांगत होतो की फरक पडला. पण चढावर वास काही थांबेना.

मग दिवाळीला चुलत भाऊ आला, त्याचीपण किंग आहे, पूर्ण कंपनी फिटिंग, टायर पण 205 चेच. तो म्हणाला दादा, एकदा शेजारी शेजारी चालवून बघू. भात कापून शेत मोकळं झालेलं. दोन्ही गाड्या एका रेषेत लावल्या, दोघांनी लो पहिला टाकला, ॲक्सिलेटरवरून पाय काढला आणि नुसत्या आयडलवर सोडल्या. माझी गाडी जवळपास निम्मी मागे पडायला पाहिजे होती. दोन्ही गाड्या बरोबरीने, माणूस सावकाश चालतो तशा चालत राहिल्या आणि बांधाशी पोचेपर्यंत माझी बॉनेटभर पुढे गेली होती, कारण माझे टायर मोठे. भाऊ काही बोलला नाही, त्याने इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे बघत बसला. ते मला अजून डोळ्यासमोर आहे.

घरी आल्याबरोबर मागची दोन्ही चाकं उचलली, घोड्या लावल्या, पुढच्या चाकांना दगड लावून हब फ्री केले (म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सुटी), गिअरबॉक्स न्यूट्रल, ट्रान्सफर लो मध्ये. मागच्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची एक रेघ आणि गिअरबॉक्सकडून येणाऱ्या आखूड शाफ्टवर एक रेघ. मी खाली झोपून मागचा शाफ्ट हाताने बरोबर एक फेरा फिरवला आणि भावाने आखूड शाफ्टचे फेरे मोजले. दोन, आणि वर पाव. परत केलं, परत सव्वादोन. चार फेरे फिरवले तर नऊ. 4.16 चे गिअर असते तर चार फेऱ्यांना साडेसोळाच्या वर यायला पाहिजे होते. पाच मिनिटांचं काम, खर्च एक खडू. हे मी ट्रान्सफर बसवायच्या आधी केलं असतं तर पार्सलवाला दारात असतानाच कळलं असतं, कारण टेबलावर तर अजून सोपं आहे, लो टाकायचा, दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकत्यांवर) रेघ मारायची आणि मोजायचं. कुणाकडूनही असं काम करून घेणार असाल तर शेवटचे पैसे पाठवायच्या आधी त्याला फेरे मोजतानाचा व्हिडिओ मागा, एकाच शॉटमध्ये, तुमच्या हाऊसिंगची खूण आणि दोन्ही फ्लँज दिसतील असा. ज्याने खरंच गिअर टाकलेत तो दोन मिनिटांत पाठवेल.

उघडली तर आत कंपनीचेच जुने गिअर. दातांवर गंजाचे खड्डे, त्यावर वायर ब्रश मारून चमकवलेले. लो कडचे डॉगचे दात (गिअर अडकवून धरणारे) गोल झालेले, म्हणजे पुढे कधीतरी उताराला लो सुटून गाडी न्यूट्रलमध्ये गेली असती. पैशाचं एक वेळ जाऊ दे, त्या उतारावर गाडीत माझी मुलं असतात. बेअरिंगपण जुनीच, नवीन फक्त सील आणि रंग. माझ्या स्वतःच्या ट्रान्सफरचे गिअर याच्यापेक्षा कितीतरी चांगले होते, लो कधी सुटला नव्हता.

फोन केला तर पहिलं वाक्य, सर तुम्ही सील तोडलं, वॉरंटी गेली. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, पण पैसे पाठवून दोन महिने झाले होते, खात्यात काही अडकवण्यासारखं राहिलं नव्हतं. पोलीस स्टेशनात सांगितलं की हा दिवाणी व्यवहार आहे. मग एका वकील मित्राने सांगितलं की ग्राहक आयोगात जा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या राज्यात जायची गरज नाही, आणि पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी पण नाही. फक्त दोन वर्षांच्या आत करायला पाहिजे. बिल नव्हतं, पण बिल्टी, यूपीआयच्या एन्ट्रीज, चॅट आणि 4.16 लिहिलेला त्याचा स्वतःचा मेसेज एवढ्यावर तक्रार दाखल झालीये. तारखा चालू आहेत.

आता शेवटची गोष्ट, ज्याच्यासाठी मुद्दाम लिहितोय. फेब्रुवारीत भावाने दुसऱ्या नंबरवरून त्या माणसाचं स्टेटस पाहिलं. चंदेरी रंग मारलेली एक ट्रान्सफर, रेडी फॉर डिस्पॅच. आणि खाली जाड डोक्याचा प्लग, तांब्याच्या वॉशरसकट. मी टॅप मारताना पाना घसरून प्लगच्या शेजारी जो ओरखडा पडला होता तोही रंगाखालून दिसतोय. तो फोटो आयोगात जोडलाय. ज्याच्याकडे ती ट्रान्सफर गेली असेल त्याने कृपया मला मेसेज करा, भांडायला नाही, आतले गिअर चांगले आहेत ते बिनधास्त वापरा. फक्त खडूने एकदा फेरे मोजा आणि किती आले ते मला लिहून द्या.