आमची नॅस आणि 30 सेकंदांची मुदत: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या छपाईच्या कार्यालयात चार डिस्कची नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायची साठवणपेटी, बसवून नऊ महिने झाले. वेग, आवाज, विजेचा खर्च यांबद्दल काहीही तक्रार नाही. लिहायचे आहे ते केवळ रीसेटबद्दल, म्हणजे अडकलेली डिस्क किंवा जोडणी नव्याने सुरू करण्याबद्दल.

सहाव्या महिन्यात एका रात्री बॅकअप सुरू असताना लिनक्स सर्व्हरवरचे आयस्कझी व्हॉल्यूम (नॅसमधली जागा, जी सर्व्हरला नेटवर्कवरून स्वतःच्या डिस्कसारखी दिसते) एकाएकी रीड-ओन्ली झाले, म्हणजे त्यावर काही लिहिता येईना. सर्व्हरच्या लॉगमध्ये क्रम स्पष्ट होता: एका रीड कमांडला 30 सेकंदांत उत्तर नाही म्हणून अबॉर्ट (ती कमांड रद्द करण्याची विनंती), त्यालाही उत्तर नाही म्हणून लनचा, म्हणजे सर्व्हरला दिसणाऱ्या त्या डिस्कचा, रीसेट, तोही फसल्यावर सेशन तोडून पुन्हा जोडणी, आणि अखेर डिस्क ऑफलाइन. लन रीसेट झाला की अडकलेल्या एका कमांडबरोबर त्या लनवरच्या बाकी सगळ्या चालू कमांडही रद्द होतात. नॅसच्या पडद्यावर मात्र त्याच वेळी चारही डिस्कपुढे हिरवी खूण होती. सर्व्हिस सेंटरला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा नेटवर्क केबल बदलण्याचा सल्ला मिळाला. केबल बदलली, स्विचचे पोर्टही बदलले. अकराव्या दिवशी पुन्हा तेच घडले.

नॅस परत करायची, असे मी तेव्हा ठरवून टाकले होते. ते मत बदलावे लागले. एसएसएचने (दुसऱ्या यंत्रात नेटवर्कवरून कमांड देण्याच्या सोयीने) आत शिरून नॅसचा स्वतःचा लॉग वाचला, तेव्हा तिसऱ्या डिस्कच्या साटा लिंकचे (डिस्क आणि नॅस यांच्यातल्या जोडणीचे) रीसेट ओळीने दिसले आणि त्यांच्या वेळा सर्व्हरच्या अबॉर्टशी जुळत होत्या. पैसे वाचावेत म्हणून मी साध्या डेस्कटॉप डिस्क घातल्या होत्या. अशी डिस्क एखादा खराब सेक्टर वाचण्यासाठी मिनिटभराहूनही अधिक काळ झगडू शकते. नॅससाठीची डिस्क साधारण 7 सेकंदांत चूक कळवून मोकळी होते आणि रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधणारी रचना, तो भाग उरलेल्या डिस्कवरून भरून काढते. खालची डिस्क अडकून पडलेली असताना वरून आलेला अबॉर्ट नॅसला पूर्ण करता येत नव्हता, आणि तोवर सर्व्हरची मुदत संपून जात होती.

स्मार्टसीटीएल या डिस्क तपासण्याच्या साधनाने स्कटर्कची (डिस्कने चूक सुधारण्यात किती वेळ घालवावा याची) मर्यादा 70, म्हणजे 7 सेकंद, अशी घालून पाहिली. तीन डिस्कनी ती स्वीकारली. तिसऱ्या कप्प्यातल्या, सवलतीत घेतलेल्या डिस्कने साफ नाकारली, म्हणून ती बदलून नॅससाठीची घेतली. वीज गेली की ही मर्यादा पुसली जाते, त्यामुळे ती आज्ञा नॅस सुरू होतानाच चालेल अशी सोय केली. सर्व्हरवरची मुदतही यूडेव्हच्या (लिनक्समध्ये जोडलेल्या उपकरणांची मांडणी ठरवणाऱ्या भागाच्या) नियमाने 30 वरून 60 सेकंद केली. त्यानंतरच्या तीन महिन्यांत एकही अबॉर्ट नाही.

हिरव्या खुणेबद्दलचा माझा राग मात्र कायम आहे. जो रीसेट नॅसने स्वतःच केला आणि स्वतःच्या लॉगमध्ये नोंदवला, तो तिने मालकाला पडद्यावर दाखवायलाच हवा. तिसरी डिस्क आजारी आहे एवढे जरी पहिल्या रात्री दिसले असते, तरी अकरा दिवस आणि तीन फोन वाचले असते. आता दर सोमवारी मी लॉगमध्ये ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ ही ओळ स्वतः शोधतो.