हनुक्काचा दिवा दुरुस्त करून देणारं तांबाकाट्यावरचं दुकान

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच. पण ज्यांच्या घरी हनुक्काचा, म्हणजे आमच्या यहुदी सणाचा, जुना दिवा मोडून पडलाय, त्यांनी तो मोडीत घालण्याआधी इथे दाखवावा, हे आधी सांगून टाकते.

दुकान मुंबईत तांबाकाट्यावर, पायधुनीच्या बाजूने आत शिरलं की डाव्या हाताला. पाटीवर नुसतं 'तांब्या-पितळेची भांडी' लिहिलंय. पुढे हंडे, घंगाळी, समया. मागच्या अंधाऱ्या खोलीत दुरुस्ती चालते. ती करणारे काका मूळचे पुण्याच्या तांबट आळीतले.

माझा दिवा आजीचा, रेवदंड्याहून आग्रीपाड्याला आलेला. आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, कितीतरी घरांत असायचा तसाच: भिंतीला टांगायची सागवानी फळी, तिच्यावर पितळी पत्रा, पत्र्याला आठ कड्या आणि वर शम्माशची, म्हणजे बाकीच्या वाती पेटवायच्या दिव्याची, एक. कडीत काचेचा पेला, पेल्यात पाणी, पाण्यावर खोबरेल, त्यात वात. तीन कड्या तुटल्या होत्या आणि पत्रा फळीपासून सुटला होता. आधी ज्या दुकानात गेले तिथे मालकाने दिवा थेट काट्यावर ठेवून मोडीचा भाव सांगितला. मी तो उचलून बाहेर पडले.

काकांनी दिवा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "ताई, तुमच्या चित्रांत तर सात फांद्यांचा दिवा असतो. हा नऊचा कसा?" सात फांद्यांचा पितळेत घडवून देण्याचीही त्यांची तयारी होती. मी नको म्हटलं. जेरुसलेमच्या आमच्या प्राचीन मंदिरातल्या मेनोराची, म्हणजे सात फांद्यांच्या दिव्याची, नक्कल करायची नाही, असं ताल्मुद हा आमचा धर्मग्रंथ सांगतो. पाच, सहा, आठ फांद्यांचा चालेल. सातचा नाही, दुसऱ्या धातूचाही नाही. ती जागा मूळ दिव्याची आहे.

"मग मूळ कुठंय?" काकांनी विचारलं. डाख तापत होता, मी स्टुलावर बसले होते, आणि मला जे माहीत होतं ते सांगितलं.

तोरा या आमच्या मूळ धर्मग्रंथात आज्ञा आहे ती एक तालान्त, म्हणजे साधारण ३४ किलो, शुद्ध सोन्याचा मेनोरा एकाच गोळ्यातून ठोकून घडवायची. काका थांबले. एका गोळ्यातून सहा फांद्या ओढायच्या आणि जोड कुठेच नाही, हे माणसाचं काम नाही म्हणाले. आमच्या जुन्या कथेत, ज्याला ही आज्ञा मिळाली त्या मोशेलाही ते जमत नाही. तो सोनं आगीत टाकतो आणि घडलेला मेनोरा बाहेर येतो. इ. स. पू. १६९ मध्ये अँटिओकस या ग्रीक राजाने मंदिर लुटलं, त्यात सोन्याचा मेनोराही गेला. मक्काबी या यहुदी बंडखोरांनी १६४ मध्ये मंदिर परत मिळवून शुद्ध केलं, तोच हनुक्का. तेव्हा सोनं नव्हतं. ताल्मुद म्हणतो, त्यांनी लोखंडी सळ्यांना कथील चढवून मेनोरा केला, हात सढळ झाल्यावर चांदीचा आणि मग सोन्याचा. "म्हणजे कल्हई केली!" काका इतक्या जोरात म्हणाले, की बाहेरचा मुलगा आत डोकावला. मला हे इतकं जवळचं यापूर्वी कधीच वाटलं नव्हतं.

इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने मंदिर जाळलं. रोममध्ये त्याच्या कमानीवर सैनिक मेनोरा खांद्यावर नेताना कोरलेत. मोबाइलवर फोटो दाखवला तर काकांची बोटं खालच्या दुमजली बैठकीवर गेली. तिच्यावर प्राणी आहेत, आणि ती मूळची नसावी असं अनेक अभ्यासकही मानतात. "ही मागाहून बसवलीय," काका म्हणाले.

पुढचा प्रवास लोक विसरतात. ४५५ मध्ये व्हँडल टोळ्यांनी रोम लुटून ऐवज उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला नेला. तिथून बायझंटाइन सेनापती बेलिसारियसने तो जिंकून ५३४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या मिरवणुकीत आणला. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की टायटसने आणलेली यहुद्यांची संपत्ती त्यात होती आणि सम्राट जस्टिनियनने ती जेरुसलेमच्या चर्चांकडे धाडली. मेनोराचं नाव तो घेत नाही. ६१४ मध्ये पर्शियनांनी जेरुसलेम लुटलं; त्यानंतर माग लागत नाही. म्हणून मेनोरा व्हॅटिकनच्या तळघरात लपवलाय, ही कुजबुज मला पटत नाही. १९९६ मध्ये इस्राएलचे मंत्री शिमोन शेत्रीत यांनी पोपकडे हा विषय काढला होता, पण तिथे मेनोरा असल्याचा पुरावा कुणीही दाखवलेला नाही.

"सोनं आहे, ताई. कुणीतरी वितळवलंच असणार," काका म्हणाले. ज्याच्या दुकानात रोज मोड येते त्याने हे म्हणावं, यात नवल नाही. असेलही तसं. पण मला तो परत हवा आहे, मनापासून हवा आहे, आणि अफवेवर नको. परत कसं करतात ते बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात आहे. बाबेलने नेलेली मंदिराची भांडी पर्शियाच्या कोरेश राजाने परत दिली, तेव्हा खजिनदार मिथ्रदाथाने ती यहुद्यांच्या शेशबस्सर या सरदाराला मोजून दिली: सोन्याची इतकी, चांदीची इतकी, सुऱ्या २९, एकूण ५,४००. कुणाकडे काही असेल तर ते असं उजेडात, यादी करून यावं.

आता तारा. कड्यांचं काम अप्रतिम आहे. नव्या तीन कोणत्या ते मलाही शोधावं लागतं. पण बाहेरच्या मुलाने न विचारता पत्र्याला बफ मारला आणि आजोबांनी टोचून घेतलेली हिब्रू अक्षरं पुसट झाली. ती आता तिरप्या उजेडातच वाचता येतात. मला फार लागलं ते. रोमच्या त्या कमानीवरच्या मेनोरावर २०१२ मध्ये पिवळ्या रंगाचे कण सापडले, म्हणून तो सोनेरी रंगवलेला होता हे कळलं. इतक्या बारीक खुणांवर सगळं अवलंबून असतं. काकांनी मुलाला समजावलं आणि पॉलिशचे पैसे घेतले नाहीत. बाकी १,४०० रुपये झाले, मला रास्त वाटले.

दिवाळीआधी त्यांना मान वर करायला वेळ नसतो, तेव्हा दिवा गणपती झाल्या झाल्या द्या. पेले घरीच ठेवा. पावतीवर वजन आणि कड्यांची संख्या लिहून मागा, ते लिहून देतात. अक्षरं असतील तर त्यांचा आधी फोटो काढा आणि बफ नको असं काकांना आणि त्या मुलाला, दोघांनाही सांगा. रविवारी बंद.