फोर-एटी चाचणी: दोन मिनिटांचं काम, पण चौथा रकाना नीट भरा

काल धड बोलणारे आजोबा आज असंबद्ध बडबडायला लागले की ‘म्हातारचळ’ म्हणून सगळे मोकळे होतात. ती घाई अडवायला फोर-एटी उत्तम: डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ, ओळखायची ही चाचणी. एक पान, फुकट, दोनेक मिनिटांत उरकतं, वेगळं प्रशिक्षण नको. स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणारी ३० गुणांची मोका चाचणी दहा मिनिटं खाते, आणि गुंगीतल्या माणसाकडून ती होतही नाही.

आधी सावधपणा बघायचा: हाक मारून, खांद्याला हात लावून. स्पष्ट गुंगी किंवा तळमळ दिसली तर थेट ४ गुण. मग वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू साल. एक चूक १, दोन किंवा जास्त चुकांना २. तिसरं, डिसेंबरपासून उलटे महिने. खरी गंमत इथे. डिलिरियममधला माणूस ‘डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर’ म्हणतो आणि ‘नोव्हेंबर, डिसेंबर’ करत परत फिरतो, किंवा खिडकीकडे बघत बसतो. सात महिने बरोबर आले की ०, त्याआधी अडला तर १, घेताच आली नाही तर २.

चौथा भाग म्हणजे दोन आठवड्यांत आलेला आणि गेल्या २४ तासांतही दिसलेला बदल किंवा चढउतार. याचेही ४ गुण. चाचणी फसते ती बहुतेक इथेच: रुग्णालाच विचारून शून्य टाकलं जातं. हे घरच्यांना किंवा रात्रपाळीच्या नर्सला विचारायचं.

एकूण १२ पैकी ४ किंवा जास्त म्हणजे डिलिरियमची शक्यता. १ ते ३ असेल तर स्मृतिभ्रंशाचा विचार. गप्प पडून राहणारा, ‘शांत’ वाटणारा रुग्णही यात सापडतो, हा मोठा फायदा.

उणीव म्हणाल तर कारण ती सांगत नाही. ते आपण शोधायचं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, घसरलेलं सोडियम किंवा साखर, कमी ऑक्सिजन, दुखणं, नव्याने सुरू केलेली झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी. कमी शिकलेल्यांना महिन्यांच्या प्रश्नात विनाकारण गुण लागतात, तेही ध्यानात ठेवा. आणि विचारण्याआधी चष्मा, श्रवणयंत्र लावलंय ना बघा; ऐकूच न आलेल्या प्रश्नाचे गुण मेंदूच्या नावावर नकोत.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला, कारण ४ गुण आल्यावर डिलिरियमखाली मूळचा स्मृतिभ्रंश आहे का, हे कळत नाही. त्यासाठी गोंधळ ओसरल्यावर काही आठवड्यांनी स्मरणशक्तीची तपासणी वेगळी करावी लागते.