प्राण्यांच्या संवादावरचा प्रोजेक्ट: रील्स बघाव्यात की यूट्यूब?

प्राणीशास्त्राच्या प्रोजेक्टला 'प्राण्यांमधील संवाद' हा विषय घेतला की आमच्याकडची पोरं आधी मोबाईल काढतात, आणि त्यात काही वावगं नाही. बीड-परभणीकडच्या कॉलेजात चांगला मायक्रोफोन मिळणं मुश्कील. नायगावच्या अभयारण्यात मोर ऐकायला उजाडायच्या आत पोचायचं तर स्वतःची गाडी लागते. तेव्हा सोशल मीडिया वापरायचा हे ठरलेलंच आहे, कुठला एवढंच बघायचं. मी दोन्ही वापरून बघितले आहेत, त्यामुळे थोडं बोलायला हरकत नसावी.

रील्सची बाजू आधी मांडतो, कारण ती वाटते तितकी हलकी नाही. सोयाबीनच्या रानात मुंगूस दिसल्यावर सातभाईंनी केलेला कल्ला, बांधावर फणा काढलेल्या नागाभोवती ओरडणाऱ्या साळुंक्या, हे कुठल्या परदेशी माहितीपटात सापडणार? ते टाकतो आपल्याच तालुक्यातला कुणीतरी. शिवाय त्याला मेसेज केला तर तो 'बोला भाऊ' म्हणून उत्तर देतो. गाव कोणतं, वेळ कुठली, जवळ कुत्रं होतं का, सगळं सांगतो. यूट्यूबवरच्या मोठ्या चॅनेलला असं विचारायची सोय नाही.

माझा विषय होता टिटवीची धोक्याची हाक. मे महिन्यात टिटवीच्या अंड्यांच्या रील्सचा नुसता पाऊस पडतो. अंडी उंचवट्यावर घातली की यंदा पाणी चांगलं, असा जाणत्यांचा होरा असतो, म्हणून लोक हौसेनं टाकतात. जमिनीवरचं घरटं, माणूस जवळ येतोय, टिटवी डोक्यावर घिरट्या घालतेय, मध्येच पंख मोडल्याचं सोंग करून लांब पळतेय. मला हवं होतं ते सगळं डोळ्यांसमोर, आणि वर मोठ्यांदा गाणं. कधी डीजेचं, कधी देवाचं, कधी बापाच्या कष्टावरचं रडवं. पक्षी चोच उघडतो आणि ऐकू येतो ढोल. बरं, नुसतं मिसळलेलं असतं तरी कान देऊन काही काढता आलं असतं. बरेचजण मूळ आवाज पार बंद करूनच गाणं लावतात. एकाला मूळ क्लिप मागितली. 'डिलीट केली ना भाऊ, मोबाईल फुल झाला होता.' दुसऱ्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवली, ती इतकी दाबली गेलेली की हाकेच्या टोकाशी नुसती खरखर. संवादावर काम करायचं आणि आवाजच फेकून दिलेला, हे मला झेपलं नाही. इतरांना कदाचित इतकं लागणार नाही.

दुसरी अडचण तशी यापेक्षा मोठी, पण माझ्या ध्यानात नंतर आली. रील हाकेवर सुरू होते आणि हाकेवरच संपते. हाक ऐकून पिल्लं दबून बसली का, जोडीदार आला का, ते कापलेलं असतं. ऐकणाऱ्यानं काय केलं हे दिसल्याशिवाय संवाद झाला असं म्हणायचं तरी कशावरून? केनियातल्या अंबोसेलीत व्हर्वेट माकडांना त्यांच्याच धोक्याच्या हाका ध्वनिमुद्रित करून ऐकवल्या, त्या प्रयोगाचा निष्कर्ष 1980 साली छापून आला. बिबट्या आल्याच्या हाकेला माकडं झाडावर पळाली, गरुड आल्याच्या हाकेला वर बघू लागली, साप आल्याच्या हाकेला खाली जमिनीकडे. प्रयोगाचं सगळं वजन त्या पुढच्या काही सेकंदांवर आहे.

यूट्यूबवर ते पुढचे सेकंद बहुधा मिळतात. कुणीतरी ट्रायपॉड लावून कॅमेरा तसाच चालू सोडलेला असतो. बघायला कंटाळवाणं, पण कामाचं. वेग पाव करता येतो, आणि संगणकावर व्हिडिओ थांबवून एकेक फ्रेम पुढे नेता येते. फुलोरा कुठे आहे हे सोबतिणींना सांगणाऱ्या मधमाश्यांच्या नाचाला याचा फार उपयोग. उभ्या पोळ्यावर माशी सरळ वरच्या दिशेशी जो कोन करते, तोच कोन सूर्य आणि फुलोरा यांच्यात असतो, आणि थरथरत चालण्याला जितका जास्त वेळ तितकं अंतर जास्त. कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो या कामामुळे. स्क्रीनवर कोनमापक धरून हे ताडून बघण्यात मजा आहे.

यूट्यूब धुतल्या तांदळासारखं आहे असं मात्र नाही. 'कुत्र्याला चूक कळली' छापाचे व्हिडिओ तिथेही ढिगानं आहेत. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये दाखवलं, की तो अपराधी चेहरा मालक रागावल्यामुळे होतो. कुत्र्यानं मनाई केलेला खाऊ खरंच खाल्ला की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. स्लो लोरिस या मोठ्या डोळ्यांच्या, झाडावर राहणाऱ्या छोट्या प्राण्याला गुदगुल्या करतानाचा व्हिडिओ तर जगभर गाजला. बिचारा हात वर करतो तो बचावासाठी, कारण विषाची ग्रंथी त्याच्या कोपराजवळ असते; लोकांना वाटलं लाडात आलाय. त्या व्हिडिओखालच्या 12 हजारांवर कमेंट तपासून 2013 मध्ये शोधनिबंध निघाला. तुमचे सर तयार असतील तर अशा कमेंटचाच प्रोजेक्ट करता येईल. प्राणी काय सांगतो आणि माणूस काय समजतो, हा विषय काही कमी नाही.

आवाजाचा आलेख काढायचा असेल तर मात्र यूट्यूबचाही आवाज दाबलेलाच असतो. त्यासाठी झेनो-कँटो ही वेबसाइट बघा. 2005 पासून जगभरचे हौशी लोक तिथे पक्ष्यांचे आवाज टाकतात, आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, गाणं की धोक्याची हाक, सगळं लिहिलेलं असतं. टिटवी शोधताना व्हॅनेलस इंडिकस हे शास्त्रीय नाव रोमन लिपीत टाका. तिथे चित्र हलत नाही, म्हणून मी व्हिडिओ यूट्यूबवर बघायचो आणि आवाज तिथून घ्यायचो.

सरड्यावर काम असेल तर रील्सच घ्या, मी अडवणार नाही. विणीच्या हंगामात नराचं लाल झालेलं डोकं आणि गळा, ते मान वरखाली करणं, हे गाण्याखालीही तसंच दिसतं. आणि मोर घेणार असाल तर केकेवरच थांबा. पिसारा थरथरवताना तो माणसाच्या कानाला न कळणारा 20 हर्ट्झखालचा ध्वनीही काढतो, पण तो मोबाईलनं टिपलेल्या व्हिडिओत सापडेल या आशेवर राहू नका.